गुळणीबहाद्दर

प्रत्येक सोसायटीत एक तरी असतोच. पहाटे साडेपाचला अजून दूधवाला यायचा असतो, पण डक्टमधून काकांचा घसा आलेला असतो. आधी खर्जातली लांबलचक गुरगुर, मग ती हळूहळू वर चढते, टिपेला पोचता पोचता ठसका लागतो आणि बेसिनमध्ये 'फुर्रर्र' होऊन बैठक संपते. तीन मजल्यांवरची बाळं रडायला लागतात.

सरंजाम साधा असतो. कान तुटलेला एक कप, जो घरात दुसरं कुणी वापरत नाही. पाणी कोमट, करंगळी बुडवून खात्री करायची. त्यात अर्धा चमचा मीठ, शक्यतो खड्याचं. सणावाराला हळद.

त्यांना कुणी "गार्गल करताय वाटतं" म्हणून पाहावं! कप खाली ठेवून ते शिकवणी सुरू करतात. "गार्गल नाही हो, गुळणी! आणि चूळ वेगळी. चूळ भरायची ती गालांतल्या गालांत, जेवल्यावर. गुळणीला मान मागे टाकावी लागते." मग आयुर्वेद निघतो. तोंडात पाणी खेळवता येईल इतकंच घेतलं तर कवल, हलवायला जागाच उरणार नाही इतकं भरलं तर गंडूष. हे प्रात्यक्षिकासह सांगतात, म्हणून समोर उभं राहू नये. 'चूळ' संस्कृत 'चुलुका'वरून, म्हणजे ओंजळभर पाणी, हेही ते सांगतात आणि तिथून थेट अगस्तीवर जातात. "अख्खा समुद्र एका ओंजळीत! खाऱ्या पाण्याची पहिली गुळणी ती!"

"पण काका, अगस्तींनी ते गिळलं ना?" दुसऱ्या मजल्यावरची चौथीतली मुलगी विचारते. त्या दिवशी शिकवणी लवकर सुटते.

खरं तर काकांचं सगळंच काही चुकीचं नसतं. मिठाचं पाणी सुजलेल्या घशातलं पाणी ओढून घेतं, म्हणून तेवढ्यापुरता आराम पडतो. पण तेवढ्यावर थांबतील तर ते काका कसले? २०२० साली त्यांचा सुवर्णकाळ आला. विषाणू चार दिवस घशात मुक्काम करतो आणि गुळण्यांनी मरतो, हा निखालस खोटा मजकूर त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी टाकला, हात जोडलेल्या चिन्हासह. मग मे २०२१मध्ये नागपूरच्या 'नीरी' या संशोधन संस्थेने मिठाच्या पाण्याची गुळणी नळीत घेऊन कोरोनाची तपासणी करण्याची पद्धत काढली आणि दिल्लीच्या आयसीएमआरनेही तिला मान्यता दिली. नाकात कांडी घालण्याची कटकट वाचली. ती गुळणी रोग शोधायची होती, बरा करायची नव्हती. पण हा फरक काकांना कोण सांगणार? "शेवटी दिल्लीला पटलं," एवढंच ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटेची बैठक दहा मिनिटांनी लांबली.

असा हा बुलंद गळा वार्षिक सभेत मात्र एका विषयावर ऐकू येत नाही. लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च, पार्किंगची भांडणं, यांवर काका तावातावाने बोलतात. पण थकबाकीदारांची यादी वाचायला घेतली की मिठाची गुळणी धरून बसतात. मागच्या सभेत सेक्रेटरींनी नाव घेऊनच विचारलं, "काका, आठ महिन्यांचा मेंटेनन्स राहिलाय. काय करायचं?"

काकांनी मफलर वर ओढला, गळ्याकडे बोट दाखवलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "आज जरा घसा बसलाय."