दहावीचा निकाल कधी? मोठी अपडेट, जाणून घ्या सविस्तर!

मराठीत कथा, कविता, कादंबरी, नाटक आणि ललित असे वाङ्मयप्रकार होते. अलीकडे त्यात 'निकाल कधी' या प्रकाराची भर पडली आहे. हे पीक एप्रिलमध्ये उगवतं आणि दहावीचा निकाल लागेपर्यंत डोलत राहतं. वर मथळा: 'मोठी अपडेट, जाणून घ्या सविस्तर'. पहिल्या परिच्छेदात कळतं, की विद्यार्थी आणि पालक निकालाची आतुरतेनं वाट पाहत आहेत. दुसऱ्यात कळतं, की परीक्षा महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळानं घेतली होती. परीक्षा दिलेल्या पोराला ही माहिती नवीनच. तिसऱ्यात पुण्यापासून कोकणापर्यंत नऊ विभागीय मंडळांची नामावळी. चौथ्यात निकाल कसा पाहायचा त्याच्या पायऱ्या: संकेतस्थळ उघडा, लिंकवर क्लिक करा, आसन क्रमांक टाका, आईचं नाव टाका, प्रिंट काढून ठेवा. मग तीन जाहिराती ओलांडून गेलं की तळाशी ते सत्य भेटतं: मंडळानं तारीख अद्याप जाहीर केलेली नाही.

हे लिहिणाऱ्या उपसंपादकाला शिव्या देऊ नका. त्यालाही सविस्तर जाणून घ्यायचं नव्हतं आणि सांगायचंही नव्हतं. त्याच्या पडद्यावर एक तक्ता होता. त्यात डाव्या बाजूला लोक गूगलमध्ये काय टाइप करतात ते शब्द, शेजारी महिन्याला किती जण टाइप करतात तो आकडा, त्याच्या शेजारी त्या शब्दावर वर येणं किती अवघड त्याचे गुण. याला कीवर्ड रिसर्च म्हणतात. पूर्वी संशोधन करायला भांडारकर संस्थेत जावं लागे. आता ते महिन्याच्या वर्गणीत घरबसल्या होतं. तक्ता म्हणाला, 'निकाल कधी'ला मागणी प्रचंड आहे. सांगायला काही आहे का, हे विचारण्याचा रकाना तक्त्यात नसतो.

हे लोण आता न्यूजरूमपुरतं राहिलेलं नाही. साताऱ्याकडचे एक कांदा-लसूण मसालेवाले काका घ्या. मसाला खणखणीत, गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्यांचं. मुलानं हौसेनं वेबसाइट काढून दिली आणि आठवड्याभरात पुण्याहून एका तरुण सल्लागाराचा फोन आला.

"सर, तुमची साइट रँकच होत नाहीये."

"बाळा, माल तर जातोय."

"माल जाईल हो सर, पण ट्रॅफिक?"

"ट्रॅफिक नको रे बाबा. गल्ली अरुंद आहे. टेम्पो लागला की शेजारी भांडतात."

तरीही काकांनी महिन्याचं पॅकेज घेतलं, कारण पोरगं गोड बोलत होतं. पोरानं गूगलचं कीवर्ड प्लॅनर उघडलं. हे साधन फुकट आहे आणि मुळात जाहिरातदारांसाठी केलेलं आहे. जाहिरातीवर पैसे खर्च न करणाऱ्याला ते नेमका आकडा दाखवत नाही. महिन्याला '१०० ते १ हजार' किंवा '१ हजार ते १० हजार' असं मोघम सांगतं. म्हणजे लग्नाला शंभर माणसं येतील किंवा हजार, आचाऱ्यानं आपलं बघून घ्यावं. पुढे एक रकाना होता: स्पर्धा. त्यात लिहिलं होतं 'कमी'. पोरगं हरखलं. "सर, मैदान मोकळं आहे!" आता त्या रकान्यातली स्पर्धा ही त्या शब्दावर पैसे मोजून जाहिरात करणाऱ्यांमधली असते. फुकटच्या निकालांत वर यायला किती साइट धडपडत आहेत, याच्याशी तिचा संबंध नाही. पण हे पोराला कुणी सांगितलं नव्हतं आणि पोरानं काकांना सांगितलं नाही.

महिन्याभरात काकांच्या साइटवर हा मजकूर झळकला: 'तुम्ही साताऱ्यातील सर्वोत्तम कांदा लसूण मसाला शोधत आहात का? साताऱ्यातील सर्वोत्तम कांदा लसूण मसाला निवडताना साताऱ्यातील सर्वोत्तम कांदा लसूण मसाल्याचे फायदे जाणून घेणे आवश्यक आहे.' काकूंनी तो वाचला आणि हळूच विचारलं, "अहो, हे लिहिणाऱ्याला मसाला लागला का हो?"

तक्त्यावर विसंबून राहण्यात आणखी एक गंमत आहे. शेतकऱ्याला ती लगेच कळेल. गेल्या साली कांद्याला भाव मिळाला की यंदा सगळा तालुका कांदा लावतो आणि काढणीच्या वेळी तोच कांदा रस्त्यावर ओतावा लागतो. तक्त्यातला 'महिन्याचा सरासरी शोध' हाही मागच्या बारा महिन्यांचा भाव असतो. तो सगळ्यांना दिसतो, सगळे त्यावर धावतात आणि गूगलच्या पहिल्या पानावर दहा साइट एकच परिच्छेद दहा प्रकारे वाढून ठेवतात. आजचा सोन्याचा दर, उद्याचं राशिभविष्य, ग्रहणाचा सुतककाळ, परवाच्या सामन्याची वेळ. दुष्काळ कसला आहे विचाराल, तर नवं काही सांगणाऱ्याचा.

बरं, गूगलला हे कळत नाही असंही नाही. शब्द कोंबण्याची कला जुनी आहे. इंटरनेटच्या बाल्यावस्थेत लोक पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्द पेरत. वाचणाऱ्याला कोरं पान दिसे आणि यंत्राला शब्दभांडार. पानाच्या पोटात 'मेटा कीवर्ड' नावाची एक अदृश्य यादी लिहायचीही पद्धत होती. आपण क्रम ठरवताना ती पाहतच नाही, असं गूगलनं २००९ साली जाहीर केलं. एवढी वर्षं उलटली, तरी त्या यादीचे पैसे पॅकेजमध्ये घेतले जातात. मग २०११ साली गूगलच्या क्रमवारीत 'पांडा' नावाचा बदल आला, त्यानं पोकळ मजकुराची पानं खाली ढकलली. २०१२ साली 'पेंग्विन' आला, त्यानं विकत घेतलेल्या लिंका आणि कोंबलेले शब्द हुंगून काढले. मुंबईकराला पेंग्विन म्हटलं की राणीची बाग आठवते. एसईओवाल्याला, म्हणजे साइट शोधात वर आणून देणाऱ्याला, त्या नावानं आजही रात्री घाम फुटतो. पुढे मार्च २०२४ मध्ये, केवळ वर येण्यासाठी घाऊक भावानं पाडलेला मजकूर हा स्पॅम समजला जाईल, असाही नियम झाला.

सगळ्यात कहर म्हणजे, 'निकाल कधी' या वाङ्मयप्रकाराचा समाचार खुद्द गूगलनं घेतलेला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी साइटवाल्यांसाठी स्वतःला विचारायचे काही प्रश्न प्रसिद्ध केले. त्यातल्या एकाचा आशय असा: ज्या प्रश्नाला अजून उत्तरच नाही, त्याचं उत्तर देण्याचं आश्वासन तुम्ही देताय का, उदाहरणार्थ सिनेमाची तारीख ठरलेली नसताना ती ठरल्याचं भासवणं? दुसऱ्याचा आशय: गूगलला अमुक शब्दसंख्या आवडते असं ऐकून तुम्ही लांबी वाढवताय का? पुढे कंसात उत्तरही दिलंय, की आमची तशी काही आवड नाही. हे पान फुकट वाचता येतं. पण फुकट गोष्ट वाचायची आपल्याकडे रीत नाही; तीच पॅकेजमध्ये आली असती तर पाठ झाली असती.

आता तक्त्यात जे दिसत नाही, त्याबद्दल. गूगल वर्षानुवर्षं सांगत आलंय, की रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध असे असतात, जे आधी कुणी कधी केलेलेच नव्हते. जे आधी कुणी विचारलंच नाही, ते मागच्या बारा महिन्यांच्या यादीत येणार कुठून? त्यात आपल्या मराठी माणसाची तऱ्हा और. कुणी देवनागरीत टाइप करतो, कुणी रोमनमध्ये, कुणी दोन्ही मिसळून. वेलांटी ज्याच्या त्याच्या मर्जीवर. मग तक्त्यात मराठी प्रश्नापुढे शून्य दिसतं आणि सल्लागार मान हलवतो, "सर, मराठीत डिमांड नाही." काकांच्या दुकानाचा फोन मात्र सकाळपासून मराठीतच वाजत असतो. 'मसाला किती दिवस टिकतो? फ्रीजमध्ये ठेवायचा का? अमेरिकेला न्यायचाय, तेल सुटणार नाही असं बांधून द्याल का? तिखट कमी करून मिळेल का? लेकराला सोसत नाही.' यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर साइटवर नाही. तिथे 'साताऱ्यातील सर्वोत्तम' चाललंय.

गमतीचा शेवटचा अंक तर पुढेच आहे. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गूगल शोधाच्या माथ्यावर यंत्रानं रचलेलं आयतं उत्तर दाखवू लागलं आहे. म्हणजे यंत्रानं शब्द सुचवले, यंत्राला आवडावं म्हणून माणसानं लेख पाडला, कधी कधी तोही यंत्राकडूनच पाडून घेतला, मग यंत्रानं तो वाचला आणि त्याचं सार वर चिकटवलं. या उलाढालीत वाचक ही एक अडचण होती. ती दूर झाली.

याचा अर्थ ही साधनं टाकाऊ आहेत असा नाही. गिऱ्हाईक आपल्या मालाला कोणत्या नावानं हाक मारतं, हे ती बरं सांगतात. आपण 'उच्च प्रतीचे मिश्र मसाले' म्हणून बसलो असू आणि लोक 'मिसळीचा मसाला' शोधत असतील, तर हे कळलेलं बरंच. कोणता शोध कोणत्या महिन्यात वाढतो, तेही कळतं. अर्धा तास तक्ता बघावा, चार शब्द टिपून घ्यावेत आणि तो बंद करावा. त्यानंतर फोनवर आलेले प्रश्न एका वहीत लिहावेत आणि प्रत्येकाचं उत्तर, पहिल्याच ओळीत, साइटवर टाकावं. उत्तर माहीत नसेल तर त्या दिवशी लिहूच नये. मराठी वेबसाइटींना एवढा एक नियम पाळता आला, तरी वाचकांचे अंगठे झिजायचे थांबतील.

आणि तमाम मसालेवाले, पापडवाले, क्लासवाले काका-काकूंना एक विनंती. पॅकेज घेण्याआधी सल्लागाराला एवढंच विचारा: "पहिल्या नंबरची गॅरंटी देतोस का?" 'हो' म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि स्टँडवर सोडून या. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गूगलनंच लिहून ठेवलेलं आहे.