आधी काच पुसा

गाडीत कॅमेरा किंवा मोबाइलचा स्टँड बसवायच्या चिकटपट्टीबरोबर एक घडी घातलेला कागद येतो. भिंगाशिवाय न दिसणाऱ्या अक्षरांत त्यावर चार सूचना असतात. जागा स्वच्छ पुसा. कोरडी होऊ द्या. जोर लावून दाबा. आणि ७२ तास त्यावर काहीही टांगू नका. बाकीचं जग हा कागद शेंगदाण्याची टरफलं टाकायला वापरतं, आणि त्यात जगाचं काही चुकत नाही. सिग्नल हिरवा व्हायला सात सेकंद उरले की मागून हॉर्न सुरू होतो, अशा गावात तीन दिवस थांबा म्हणणारा कागद छापायचा, हे धैर्य तरी कुणाचं असेल?

तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला एकच माणूस माझ्या ओळखीत आहे. आमच्या सोसायटीतले आप्पा. सरकारी खात्यांचं लेखापरीक्षण करण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर तपासायला कुणी उरलं नाही, म्हणून त्यांनी रस्ता तपासायला घेतला. उलट्या दिशेने येणारे, डावीकडून घुसणारे, इंडिकेटर उजवीकडचा देऊन डावीकडे वळणारे, अशा सगळ्यांची नोंद हवी म्हणून त्यांना डॅशकॅम हवा होता. नाना पेठेतल्या दुकानात झालेला संवाद मी शेजारी उभा राहून ऐकला.

‘काका, ओरिजिनल आहे. गाडी उलटी झाली तरी पडणार नाही.’

‘गॅरंटी?’

‘लाइफटाइम.’

‘पडला तर बदलून देणार?’

‘देणार ना. फक्त चिकटवलेला नको. सीलबंद आणायचा.’

सरकारी फायलींत उभं आयुष्य गेल्यामुळे आप्पांना या उत्तरात काहीच वावगं वाटलं नाही.

दुकानदार ज्या लाल कागदाच्या डबल टेपला सर्रास ‘व्हीएचबी’ म्हणतात, ती मूळची थ्रीएम कंपनीची, १९८० सालची. आता कुणीही बनवलेली लाल कागदाची टेप त्याच नावाने खपते. चिकटपट्टीचं आणि मोटारीचं नातं तसं जुनंच. त्याच कंपनीच्या रिचर्ड ड्र्यूने १९२५ साली मास्किंग टेप काढली ती मोटारी रंगवणाऱ्यांसाठीच. दोन रंगी गाड्यांची तेव्हा चलती होती आणि दोन रंगांमधली रेघ सरळ येत नव्हती. म्हणजे चिकटपट्टी मोटारीत आली ती रेघ सांभाळायला. आज लेनची रेघ कोण मोडतं हे दाखवणारा कॅमेरा तिच्याच वंशजावर लटकतो.

या टेपचा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. आपण घन आहोत की द्रव, याचा निर्णय तिने अजून घेतलेला नाही. अचानक हिसका बसला तर ती ताठ उभी राहते. मात्र तिला हळूहळू, सतत कुणी ओढत राहिलं तर ती कण्हत कण्हत सरकू लागते. म्हणून खड्ड्यात गाडी आदळली, तुमची कवळी निघाली, तरी कॅमेरा जागचा हलत नाही. आणि झाडाशिवायच्या पार्किंगमध्ये, गाडीला कुणाचं बोटही लागलेलं नसताना, दुपारी दोन वाजता तो खाली येतो. भांडणाने घर मोडत नाही, रोजच्या कुरकुरीने मोडतं, असं आमच्याकडच्या म्हाताऱ्या सांगतात. त्यांना टेपची गरज पडली नव्हती.

उन्हाचा वाटा मोठा आहे. अमेरिकेतल्या अॅरिझोनात २०१८ साली संशोधकांनी भर उन्हाळ्यात गाड्या उभ्या करून मोजमाप केलं, तर उन्हात तासाभरात डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सियसपर्यंत तापला. चंद्रपूरकर हा आकडा ऐकून फक्त पंखा जरा वाढवतील. एवढ्या तापमानात हलक्या टेपमधलं रसायन मऊ पडतं, आणि कॅमेऱ्याचं वजन तिला वरच्या कडेपासून सोलत आणतं. मोबाइलच्या लांब दांडीवाल्या स्टँडचं तर आणखी वाईट. दांडी जितकी लांब, तितका बुंध्याच्या एकाच कडेवर ताण. पण लांब दांडी ऐटबाज दिसते आणि वीतभर पुढे येऊन बोलणारा नकाशा जास्त खरं बोलतो, असा आपला समज असतो.

रबरी वाटीचा, म्हणजे व्हॅक्यूमवाला स्टँड घेणारे याहून भोळे. ही वाटी काचेला ‘चिकटते’ असं त्यांना वाटतं. ती बिचारी काही करत नाही. आतली हवा निघून गेलेली असते आणि बाहेरचं वातावरण तिला चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो या दराने दाबून धरतं. सहा सेंटिमीटर व्यासाच्या वाटीला सव्वीस-अठ्ठावीस किलोचा रेटा, तोही फुकट. उन्हाने रबर कडक होऊन कडेला जरा भेग पडली की हवा आत शिरते आणि वातावरण पाठिंबा काढून घेतं. हे सहसा तेव्हाच होतं जेव्हा नकाशा म्हणत असतो, ‘आता उजवीकडे...’

आप्पांचा पहिला कॅमेरा डॅशबोर्डवर बसला आणि मे महिन्यात पडला. दोष टेपचा नव्हता. तो बसवण्याच्या आदल्या दिवशी गाडी धुवायला दिली होती. धुणाऱ्या पोराने प्रेमाने डॅशबोर्डवर पॉलिशचा फवारा मारला होता. प्लास्टिक आरशासारखं चमकत होतं. आता गंमत बघा. टेपचा लाल कागद इतक्या सहज का सुटतो? कारण त्याच्यावर सिलिकॉनचा हात दिलेला असतो, आणि सिलिकॉनला काही चिकटत नाही. डॅशबोर्डच्या पुष्कळशा पॉलिशांत तेच सिलिकॉन असतं. म्हणजे आपण वरून पैसे देऊन अख्खा डॅशबोर्ड टेपच्या कागदासारखा करून घेतो आणि मग टेपवाल्याच्या नावाने बोटं मोडतो. पुसायला म्हणून कुणी कोविडकाळातलं उरलेलं सॅनिटायझर काढतं. हात मऊ राहावेत म्हणून त्यात ग्लिसरीन घातलेलं असतं. आता हात राहतात मऊ आणि डॅशबोर्डही.

‘मग गणपती कसा पडत नाही?’ हा प्रश्न आप्पांच्या सौ.नी विचारला आणि त्यात श्रद्धेपेक्षा शास्त्र जास्त होतं. त्याच डॅशबोर्डवर, त्याच पॉलिशवर, चतुर्थीला बसवलेले बाप्पा दोन गाड्यांपूर्वीपासून आहेत. उत्तर सोपं आहे. बाप्पा बसलेले असतात, कॅमेरा टांगलेला असतो. ज्याचं बूड रुंद, वजन खाली आणि अपेक्षा कमी, त्याला टेप नावापुरतीच लागते. शिवाय बाप्पा कुणाचं रेकॉर्डिंग करत नाहीत, त्यामुळे ते खाली पडावेत असं गाडीतल्या कुणालाच मनातून वाटत नाही.

म्हणून दुसऱ्या खेपेला आप्पा काचेकडे वळले. पण काचेवर जागा कुठे होती? मराठी माणसाच्या गाडीची पुढची काच ही पारदर्शक नोटीसबोर्ड आहे. सोसायटीच्या पार्किंगचं स्टिकर. मागच्या सोसायटीच्या पार्किंगचं स्टिकर. मुलाच्या शाळेचं, मुलगा आता कॅनडात असतो. कुलदैवत. एका कोपऱ्यात ‘प्रेस’, कारण मेहुणा एकदा एका साप्ताहिकात जाहिराती गोळा करायचा. त्यातून रस्ता बघायला उरते वहीच्या पानाएवढी काच. मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या काचेतून ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्म उतरवायला लावल्या. फिल्म उतरल्या, स्टिकरं वाढली. प्रकाश अडवायला फिल्मच कशाला हवी, श्रद्धा आणि ओळखी पुरतात.

आणि या गर्दीत जी एक वस्तू सरकार हात जोडून सांगतं की बाबांनो काचेला चिकटवा, ती नेमकी खिशात असते. फास्टॅग. १५ फेब्रुवारी २०२१च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवर तो सक्तीचा झाला, आणि तेव्हापासून टोलनाक्यावर खिडकीतून हात बाहेर काढून तो यंत्राला ओवाळायची प्रथा पडली. कुणी सूर्याला अर्घ्य देतात तसा वर धरतात, कुणी काचेवर आतून थापटतात. जुलै २०२४मध्ये महामार्ग प्राधिकरणाने सांगितलं, टॅग काचेवर आतून चिकटवलेला नसेल तर दुप्पट टोल. जुलै २०२५मध्ये सांगितलं, सुटे टॅग थेट काळ्या यादीत. तरी आपण ऐकत नाही. टॅगच्या मागे गोंद असतो, पण मनात शंका असते : उद्या दुसरी गाडी घेतली तर? एका गाडीशी कायमचं बांधून घ्यायचं म्हणजे जरा जास्तच झालं. काय आहे, सरकारने फुकट दिलेला गोंद आपण वापरत नाही, आणि नाना पेठेत विकत घेतलेल्या गोंदावर लाइफटाइम गॅरंटी मागतो.

आप्पांनी मात्र या खेपेला कागदाबरहुकूम केलं. औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, निम्मं पाणी घातलं, काच पुसली. कडेच्या काळ्या ठिपक्यांवर टेप लावली तर ती ठिपक्यांच्या टेंगळांवरच टेकते, हेही ते वाचून आले होते. म्हणून आरशामागची सपाट जागा निवडली. बाहेरचं तापमान २१ ते ३८ अंशांच्या मध्ये आहे ना, हे भिंतीवरच्या थर्मामीटरवर बघितलं. अंगठ्याने दाबून धरलं. कागदात म्हटलंच होतं की वीस मिनिटांत निम्मी पकड येते, एका दिवसात नव्वद टक्के, आणि शेवटच्या दहा टक्क्यांना आणखी दोन दिवस लागतात. लेखापरीक्षकाला शेवटच्या दहा टक्क्यांचं महत्त्व सांगावं लागत नाही. तीन दिवस गाडी दारात उभी आणि आप्पा भाजीला रिक्षाने.

चौथ्या दिवसापासून कॅमेरा सुरू झाला. आता खरं सांगायचं तर डॅशकॅमची ख्याती रशियातून आली. विम्याच्या खोट्या दाव्यांना कंटाळून तिथल्या लोकांनी गाडीत कॅमेरे लावले, आणि १५ फेब्रुवारी २०१३ला चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली तेव्हा ती ऑफिसला निघालेल्या शेकडो गाड्यांत आपोआप टिपली गेली. विश्वाचं एक रहस्य फुकटात रेकॉर्ड झालं. आप्पांच्या कॅमेऱ्यात तशी उल्का नाही. त्यात आहे सिंहगड रस्ता, दोन वराती, मध्येच उभी असलेली एक अत्यंत शांत म्हैस, आणि आप्पा. आप्पा दिसत नाहीत. ऐकू येतात.

हे कुणाच्या लक्षातच येत नाही. कॅमेरा बाहेर बघतो, पण त्याचा कान आत असतो.

व्हायचं ते झालं. एका चौकात आप्पांची गाडी आणि एका तरुण गृहस्थांची गाडी एकमेकींना घासून गेल्या. आप्पा आनंदाने खाली उतरले. इतका पुरावा हातात असलेला माणूस रस्त्यावर सहसा दिसत नाही. वकील पुतण्याला फोन लावला.

‘काका, नुसती क्लिप चालत नाही,’ पुतण्या म्हणाला. ‘जालन्याच्या निवडणुकीची केस आठवते? उमेदवारी अर्ज वेळेत भरला का, यावरून अधिकाऱ्याच्या कचेरीतलं व्हिडिओ शूटिंग कोर्टात गेलं. सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये सांगितलं, नक्कल द्यायची तर प्रमाणपत्र पाहिजेच. आता कायद्याचं नाव बदललं, कलम बदललं, प्रमाणपत्र राहिलंच.’

‘आणि प्रमाणपत्र नसेल तर?’

‘त्याच निकालात आहे. मूळ यंत्रच घेऊन मालकाने स्वतः साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहायचं. कॅमेरा काढून आणा तुम्ही.’

आप्पांनी कॅमेऱ्याला हात घातला. कॅमेरा हलला नाही. ७२ तास, निम्मं पाणी, सपाट काच, सगळं आपापलं काम करत होतं. खोबरेल तेल झालं. समोरच्या सलूनमधून केस वाळवायचं यंत्र आणून गरम हवा मारली. पानवाल्याने दात कोरायचा दोरा टेपमधून करवतीसारखा ओढायचा सल्ला दिला. उपाय अचूक आहे, पण आप्पांचा हात आरशामागे पुरेना. शेवटी चौकीतून हवालदार आले आणि पुरावा येत नाही म्हटल्यावर स्वतःच गाडीत शेजारच्या सीटवर बसले. कॅमेऱ्याच्या दोन इंची पडद्यावर क्लिप लावली. कोपऱ्यात वेग होता : ६४. आवाज आप्पांचा होता : ‘जाऊ दे गं, पिवळाच आहे अजून, कोण बघतंय.’

‘बघायला तुम्हीच लावलाय की काका,’ हवालदार म्हणाले.

तरुण गृहस्थ हसायला लागले. हवालदारांनी त्यांच्या गाडीच्या काचेकडे पाहिलं. तिथेही आरशामागे एक कॅमेरा होता. त्यांच्या क्लिपमध्ये आप्पांची गाडी बिनाइंडिकेटरची वळताना स्वच्छ दिसत होती, आणि त्याआधी दोन सेकंद त्या गृहस्थांचाच आवाज बायकोला सांगत होता : ‘थांब, याला दाखवतो.’

‘दोन्ही क्लिपा घेऊ का पंचनाम्यात?’ हवालदारांनी विचारलं.

दोघेही एकदम ‘नको’ म्हणाले. ज्याचा पत्रा त्याने ठोकून घ्यायचा, असं ठरलं. हवालदार चौकीकडे गेल्यावर आप्पा त्या गाडीच्या खिडकीशी वाकले.

‘काय हो, तुमच्यात आवाज बंद करायचं बटण कुठे असतं?’

‘मेनूत आहे आजोबा, तिसरं. थांबा, दाखवतो.’