निःपक्षपाती प्रवर्ग

वरिष्ठ सरकारी पदे फक्त निःपक्षपाती सनदी अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवावीत, असे सध्या पुष्कळ सज्जनांना वाटते. मागणी रास्त आहे. पण ती मान्य झालीच तर शासन निर्णय काढावा लागेल, आणि तो टंकलिखित होईपर्यंत संबंधित सचिव जागेवर राहतील याची हमी कोण देणार? म्हणून सरकारच्या सोयीसाठी मसुदा आम्हीच तयार करून ठेवला आहे.

कलम १. सचिव, विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी व महापालिका आयुक्त ही पदे ‘निःपक्षपाती’ प्रवर्गासाठी राखीव राहतील. आपण कोणाचाही माणूस नसल्याचे प्रमाणपत्र उमेदवाराने जोडावे. प्रमाणपत्रावर स्थानिक आमदार व पालकमंत्री यांची शिफारस अनिवार्य राहील.

कलम २. प्रमाणपत्राची पडताळणी समितीमार्फत होईल. समितीवर सत्तेतील प्रत्येक घटक पक्षाचा एक सदस्य असेल. जो उमेदवार सर्वांना सारखाच नकोसा असेल तो निःपक्षपाती ठरेल व त्यास नियुक्तीच्या प्रतीक्षेत ठेवण्यात येईल.

कलम ३. पात्र उमेदवार न मिळाल्यास अनुशेष पुढे ओढला जाईल. तोवर पदाचा अतिरिक्त कार्यभार आपल्या माणसाकडे राहील.

कलम ४. कार्यकाळ तीन वर्षे. विशेष कारण असल्यास तीन महिने. नियम वाचून दाखवणे हे विशेष कारण समजावे.

कलम ५. निःपक्षपातीपणाची मुदत सेवानिवृत्तीच्या दिवशी सायंकाळी सव्वासहा वाजता संपेल. त्यानंतर उमेदवारास एबी फॉर्म, आयोग किंवा प्राधिकरण यांपैकी काहीही स्वीकारता येईल. बोलणी आधीपासून करून ठेवण्यास हरकत नाही.

चौथे कलम विनोदी वाटले असेल, तर त्याचे श्रेय आमचे नाही. राज्यात शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा २००५ चा कायदा आहे. एका पदावर साधारण तीन वर्षे, बदल्या वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात, असे तो सांगतो. आणि मग हळूच एक खिडकी उघडी ठेवतो : विशेष कारण लेखी नोंदवून मुदतीआधीही बदली करता येईल. घराचा दरवाजा त्या दिवसापासून कोणी वापरलेला नाही. सगळी ये-जा खिडकीतूनच चालते.

सनदी अधिकारी तुकाराम मुंढे यांचेच पाहा. दोन दशकांच्या सेवेत वीसहून अधिक बदल्या. कायद्यातल्या तीन वर्षांच्या हिशेबाने एवढ्या जागा फिरायला साठ वर्षांची नोकरी लागली असती. सरकारने ते काम वीस वर्षांत उरकले. आणि तरी लोक म्हणतात, प्रशासन संथ आहे!

सर्वोच्च न्यायालयानेही प्रयत्न करून पाहिला. माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या याचिकेवर ऑक्टोबर २०१३ मध्ये निकाल लागला. अधिकाऱ्यांना किमान कार्यकाळ द्या, बदल्यांसाठी नागरी सेवा मंडळ नेमा आणि तोंडी आदेशांची लेखी नोंद ठेवा, असे न्यायालयाने बजावले. मंत्रालयाने निकालाचा मान राखला. साहेब आता तोंडी आदेश देत नाहीत, नुसते ‘जरा बघून घ्या’ म्हणतात. ‘बघून घ्या’ हा आदेश नसतो, आपुलकी असते. आपुलकीची नोंद कोणत्या फाईलवर करायची, हे निकालात कुठेच लिहिलेले नाही.

अधिकारी बिचारे, असे मात्र कोणी समजू नये. क्रीम पोस्टिंगसाठी आमदाराचे पत्र घेऊन मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर ताटकळणारे अधिकारीच असतात. साइड पोस्टिंग मिळाले की त्यांना अचानक राज्यघटना आठवते आणि ते ‘कॅट’ किंवा ‘मॅट’ या प्रशासकीय न्यायाधिकरणांत धाव घेतात.

सरदार पटेलांनी १० ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले होते की, त्यांचे सचिव त्यांच्या मताविरुद्ध टिप्पणी लिहू शकतात आणि ती मुभा त्यांनीच दिलेली आहे. आज अशी टिप्पणी लिहायची मुभा आहेच. फक्त ती लिहून झाल्यावर दालन रिकामे करावे लागते. २१ एप्रिल १९४७ रोजी दिल्लीच्या मेटकाफ हाउसमध्ये पटेलांनी नव्या सनदी अधिकाऱ्यांपुढे भाषण केले. त्या आठवणीत २००६ पासून हा दिवस नागरी सेवा दिन म्हणून साजरा होतो. तो नेमका बदल्यांच्या मोसमात येतो, त्यामुळे सत्कार आणि निरोप समारंभ एकाच हारात उरकता येतात.

तेव्हा नवा प्रवर्ग नको, नवा शासन निर्णय नको, आमचा मसुदाही नको. मुदतीआधीच्या प्रत्येक बदलीचे लेखी ‘विशेष कारण’ आदेशाच्या शेजारीच, ज्यांच्या मान्यतेने बदली झाली त्यांच्या नावासह, संकेतस्थळावर टाका. कायदा ते लिहायला लावतोच, आम्हाला फक्त वाचायचे आहे. सरकारला संकोच वाटत असेल तर वाचकांनी पुढे व्हावे. तुमच्या जिल्ह्यातला चांगला अधिकारी वर्षाच्या आत गेला की कारण विचारा. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट पुरते.