आजची तिथी, आजची लाँच

लग्नाचा मुहूर्त तिथी पाहून काढणारी माणसं महाराष्ट्रात सगळीकडे आहेत. ऑफिसला किती वाजता पोहोचू हे तिथी पाहून सांगणारी मात्र उरण तालुक्यातच राहतात. आमच्या द्रोणागिरीत सोसायटीच्या ग्रुपवर 'सुप्रभात'च्या गुलाबाखाली रोज एक प्रश्न येतो, "आज कितवी?" नव्या भाडेकरूला वाटतं, मंडळी फार धार्मिक आहेत. धार्मिक कसली, मुंबईला जायचं असतं.

मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला लाँच सुटते. ना सिग्नल, ना खड्डे, ना चौथ्या सीटसाठी भांडण. तासाभरात माणूस मुंबईत. लाँचची मागणी एकच, तिला पाणी लागतं. आणि महिन्यातून दोनदा, अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, ऐन गरजेच्या वेळी मोरा बंदरात पाणी सोडून बाकी सगळं असतं. मग पेपरात मथळा झळकतो : 'ओहोटीमुळे लाँचसेवा बंद, प्रवाशांचे हाल.' बातमीदाराने ही बातमी एकदाच लिहून ठेवली असावी आणि दर पंधरवड्याला तारीख तेवढी बदलत असावा, असा माझा दाट संशय आहे. 'हाल' हा शब्द तर त्याने कायमचा जुळवून ठेवला असेल.

ज्यांना पाऊणकी पाठ आहे त्यांना भरती-ओहोटी कोणी सांगावी लागत नाही. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ हातात. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे भरती सहाला. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. या हिशेबाने अमावास्या-पौर्णिमेला समुद्र भर दुपारी तुडुंब भरतो, आणि सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमाराला पार तळाला जातो. बीज-तिजेला हीच सुकती साडेसात ते सव्वाआठवर सरकते. शिवाय ही उधाणाची सुकती, म्हणजे महिन्यातली सगळ्यात खोल. चंद्राने चाकरमान्यांचं मस्टर पाहूनच हा बेत आखला, यात शंका नको.

तिजेच्या सकाळी मोऱ्याचा धक्का बघण्यासारखा असतो. पाणी लांबवर गेलेलं. काळ्या गाळात निवट्या उड्या मारत असतात. कोणाला कुठे जायचं नसल्याने त्या एकट्याच आनंदात. होड्या कुशीवर झोपलेल्या. धक्क्यावर बँकवाले, गोदीवाले, मुंबईच्या इस्पितळात नंबर लावलेले म्हातारे आणि हातात कॉलेजची फाईल घेतलेली पोरं एकाच दिशेला तोंड करून उभी. अशा वेळी देव पाण्यात घालून बसायची पद्धत आहे, पण त्यालाही पाणी लागतंच.

"आजोबा, कधी सुटेल?" एकाने जाळं विणत बसलेल्या कोळी आजोबांना विचारलं.

"आज तिज हाय रं बाला. दहा वाजल्याबिगर पानी नाय येवाचा."

"पण खिडकीवर तर 'थोड्याच वेळात' म्हणाले."

"लाँच पान्यावर चालते, खिडकीवर नाय."

द्रोणागिरी हे नाव ज्या डोंगरावरून आलं, त्याची कथा करंजाकडे कोणालाही विचारा. लक्ष्मणासाठी संजीवनी नेताना मारुतीच्या हातातल्या पर्वताचा एक तुकडा इथे पडला, असं लोक सांगतात. अख्खा पर्वत, एका रात्रीत, एकट्याने, निविदा न काढता आणि वाढीव अंदाजपत्रक न देता! त्याच डोंगराच्या नजरेसमोर आपल्याला चिखल हलत नाही. हलत नाही म्हणणंही अन्यायाचं होईल. अधूनमधून कोटींचे आकडे येतात, यंत्रं येतात, महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड गाळ काढतं. मग पावसाळा येतो, खाड्या आपला गाळ घेऊन येतात, आणि ये रे माझ्या मागल्या. काढलेल्या गाळालाही मोऱ्याचा लळा लागलेला असतो. पैसा मात्र एकदा पाण्यात गेला की परत येत नाही.

गाळ मुळात हटतच नाही, अशी समजूत असलेल्यांनी शेजारी न्हावा-शेव्याला बघावं. 1989 मध्ये सुरू झालेल्या त्या बंदरात पाण्याखाली 15 मीटर बुडणारी जहाजं यावीत म्हणून समुद्राचा तळ खोदून वाट काढली आहे, आणि ती खोल राहावी याची काळजीही घेतली जाते. आमच्या लाँचला पुरुषभर पाणी मिळालं तरी ती खूश. पण कंटेनरच्या नशिबाला ओहोटी नाही. कंटेनर मतदानही करत नाही, तरी त्याचं काम होतं. आम्ही करतो, तरी थांबतो.

पाणी आटून जलमार्ग अडणं जगाला नवीन नाही. 2023 च्या दुष्काळात पनामा कालव्याला पाणी पुरवणारा गतून तलाव खाली गेला. रोज 36 च्या आसपास जहाजं सोडणारा कालवा जानेवारी 2024 मध्ये 24 वर आला. 2025 च्या उन्हाळ्यात इंग्लंडात लीड्स-लिव्हरपूल कालव्याचे मोठे टप्पे बंद झाले आणि हौशी नाववाले जागच्या जागी अडकले. दोन्हीकडे कारण एकच : पाऊस पडला नाही. आमच्यासमोर साक्षात अरबी समुद्र आहे. समुद्राला पाण्याची टंचाई भासावी, हा मान मोरा बंदराचाच. पनामाला पाऊस कधी फसवेल याचा नेम नाही. आमची सुकती मात्र पुढच्या वर्षाचीसुद्धा मिनिटांसकट छापून मिळते. तरी दर खेपेला ती आभाळ कोसळल्यासारखी 'अचानक' येते.

लाँच नाही तर दुसरे मार्ग आहेतच, असं मंत्रालयातून ऐकू येतं. आहेत ना. 12 जानेवारी 2024 ला एकाच दिवशी अटल सेतूही मिळाला आणि उरणपर्यंत लोकलही. सेतू 21.8 किलोमीटरचा, देखणा. मोटारीला एका फेरीचे 250 रुपये आणि दुचाकीला बंदी. लोकलने नेरूळ किंवा बेलापूर गाठा, तिथे गाडी बदला, आणि हार्बरच्या गर्दीत स्वतःला भरती करून घ्या. मोऱ्याच्या रो-रो जेट्टीचं कामही कित्येक वर्षं रखडत रखडत 'लवकरच' पूर्ण होत आलं आहे. तिथून मोटारी समुद्रावरून जातील म्हणे. आधी माणसं जाऊ द्या.

बरं, आमच्याकडे पाणी नाहीच असंही नाही. तालुक्यात बांध फुटले की उधाणाचं खारं पाणी बिनबोभाट भातशेतात शिरतं. याउलट द्रोणागिरीतली 289 हेक्टरची पाणजे पाणथळ. तिथे पक्ष्यांना भरतीचं पाणी हवं असतं, तर ते आत येण्याच्या वाटाच अडवल्याची तक्रार पर्यावरणवाले वर्षानुवर्षं करत आहेत. शेतात नको तेव्हा भरती, पाणजेला हव्या त्या भरतीला मज्जाव, आणि मोऱ्याला ऐन कामाच्या वेळी सुकती. याला नियोजन म्हणतात.

तेव्हा गाळ काढण्याचा आग्रह सोडून आम्ही काही व्यवहार्य सूचना करतो. उरणच्या नोकरदारांना किरकोळ रजेच्या जोडीने 'सुकती रजा' मिळावी. त्यांच्या हजेरीची वेळ भरतीसारखी रोज पन्नास मिनिटांनी पुढे सरकावी; महिन्याभरात ती फिरून जागेवर येते, प्रशासनावर ताण नाही. बंदर खात्यात एक पंचांगकर्ता नेमावा. आणि चंद्राला कारणे दाखवा नोटीस बजावावी. खुलासा मुदतीत आला नाही, तर अमावास्येला त्याची गैरहजेरी मांडावी.

चंद्र बिचारा खुलासा देईलही. लाँच यायच्या कितीतरी आधीपासून तो हेच काम करतो आहे, एका मिनिटाचाही उशीर न करता. ओहोटी समुद्राची, गाळ आपला. प्रेसनोटमध्ये नाव मात्र नेहमी ओहोटीचं येतं, कारण ओहोटीला ना निविदा असते, ना बिल, ना चौकशी.

म्हणून शेवटची सूचना, बिनखर्चाची. मोऱ्याच्या धक्क्यावर एक फलक लावा. गाळ शेवटचा कधी काढला, किती काढला, किती रुपयांत काढला, नेऊन कुठे टाकला, आणि आज सुकतीला वाटेत किती पाणी आहे. पाच ओळी पुरतील. तो लावायला भरतीची वाट पाहावी लागत नाही.