निवृत्तांना पूर्णवेळ काम

म्हातारपण थायलंडला काढावं, या विचारात समुद्र असतो, पपईची कोशिंबीर असते, थंडीत न कुरकुरणारे गुडघे असतात. झेरॉक्सचं दुकान नसतं. मला विचाराल तर प्रवासाची सुरुवात तिथूनच धरावी. पन्नाशी गाठलेल्या परदेशी माणसाला तिथे वर्षवर्ष राहू देणारा जो ‘रिटायरमेंट व्हिसा’, तो निवृत्ती देतच नाही; नोकरी देतो. हुद्दा कारकुनाचा, पगार शून्य, सांभाळायची फाइल एकच, स्वतःची. या व्हिसावर कामधंदा करायला सक्त मनाई आहे म्हणतात. पण या कारकुनीला ती लागू नसावी, कारण इथे पैसे कामगारानेच भरायचे असतात: दर वर्षीच्या मुदतवाढीचे १,९०० बाथ.

अट वरवर सोपी दिसते. थाई बँकेत ८ लाख बाथ, म्हणजे वीस लाख रुपयांच्या वर, ठेवा. नाहीतर महिना ६५ हजार बाथ उत्पन्न दाखवा. आपल्याकडचं सर्वसाधारण पेन्शन टाचा उंचावूनही त्या दुसऱ्या आकड्याला पोचत नाही, तेव्हा मोर्चा बँकेकडे वळणार. तिथे पैसे अर्जाआधी दोन महिने खात्यात मुरलेले हवेत, मंजुरीनंतर तीन महिने जागचे हलता कामा नयेत, आणि उरलेल्या काळात शिल्लक ४ लाखांखाली जाता कामा नये. याचं समर्थन असं की पाहुणा आजारी पडला तर त्याच्या गाठीला काही असावं. मान्य! पण मग आजारी पडायचं ते पंचांग बघून. मुहूर्त मधल्या सात महिन्यांतलाच, आणि दुखणंही ४ लाखांत आटपणारं. खुब्याचं हाड मोडायचंच असेल तर मंजुरीनंतर चौथ्या महिन्यात मोडावं. अर्जाच्या आदल्या आठवड्यात पाय घसरला, तर पाय तरी वाचेल नाहीतर परवाना.

मग कागद. पासपोर्टच्या पानांच्या प्रती, प्रत्येकीवर सही, बँकेचं पत्र, पासबुक. थाई कागदपत्रांत बौद्ध संवत चालतो, इसवी सनाच्या ५४३ वर्षं पुढे. ज्याला आपल्या सरकारने साठाव्या वर्षी घरी बसवलं, तो २५६९ सालीही हिशेब देत उभा! पुष्कळ कचेऱ्यांत घराचा हाताने काढलेला नकाशाही मागतात. ‘मारुतीच्या देवळापाशी कोणालाही विचारा’ यापलीकडे ज्याचा भूगोल गेला नाही, अशा माझ्यासारख्याचं परदेशगमन इथेच संपावं. चियांग माईच्या डोंगरावर दोइ सुथेपचा सोनेरी स्तूप झळकत असतो म्हणे. पण तो नकाशात उत्तरेला दाखवायचा की पश्चिमेला, या विवंचनेत त्याचं दर्शन कोण घेणार? शिवाय १९७९ च्या कायद्याप्रमाणे दर ९० दिवसांनी ‘मी याच पत्त्यावर आहे’ असं कळवायचं. मुदतीच्या आधीचे पंधरा दिवस आणि नंतरचे सात एवढीच सवड. चुकलात तर २,००० बाथ दंड. परदेशी माणूस राहायला आला की चोवीस तासांत घरमालकाने वर्दी द्यायची, ती निराळी. मालक विसरला तरी खिडकीपाशी ओशाळं हसत उभं राहायचं ते भाडेकरूनेच.

यावर जाणकार हसतील. एजंट आहेत, ९० दिवसांचं आता ऑनलाइनही होतं, उगाच कशाला बाऊ करता? एजंट आहेत खरे, पण कारकुनाला शिपाई मिळाला म्हणून कारकुनी सुटत नाही. उलट आता आपला पासपोर्ट कुठवर आला याचा पाठपुरावा वाढतो. पैसा टाकला की जाच कमी होतो, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. २०२२ पासून दहा वर्षांचा एलटीआर व्हिसा निघाला, त्यात हजेरी वर्षातून एकदाच. पण पेन्शनरांसाठीची सरळ अट आहे वर्षाला ८० हजार डॉलर घरबसल्या उत्पन्नाची. ‘थायलंड प्रिव्हिलेज’चं पाच वर्षांचं गोल्ड सदस्यत्व ९ लाख बाथना मिळतं, आणि तिथे ९० दिवसांच्या हजेरीला त्यांची माणसं मदत करतात. हजेरी सुटत नाहीच. म्हणजे निवृत्ती विकत मिळते, पण ती ज्यांना परवडते त्यांना कारकून पूर्वीपासूनच होते.

राहता राहिला सर्वांत सरळ आक्षेप: परक्याने आपला ठावठिकाणा सांगावा, यात गैर काय? काहीच नाही. किंबहुना इथे माझी चिडचिड थोडी लटकी पडते. मुलं न्यू जर्सीला आणि आपण कोथरूडला, अशा किती घरांत दर ९० दिवसांनी कोणी विचारतं, की बाबा, तुम्ही आहात ना तिथेच? आपलं सरकार वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, हयातीचा दाखला मागतं, आणि तो आता मोबाइलला चेहरा दाखवूनही देता येतो. थायलंडची खिडकी चौपट वेळा विचारते. कागदासाठी का होईना, विचारते.

तरीही गणपतीला घरी यावंसं वाटणारच, आणि तिथे या नोकरीतलं शेवटचं कलम येतं. देश सोडण्याआधी पुनर्प्रवेशाचा परवाना काढला नाही, तर वर्षभराची मुदतवाढ विमानतळावरच रद्द होते. मुरवलेले पैसे, नकाशा, सह्या, सगळं पहिल्यापासून. एका खेपेचा परवाना १,००० बाथ, हव्या तितक्या खेपांचा ३,८००. गणपती, दिवाळी आणि एखादं लग्न एवढंच असेल तर सुटे काढावेत. संक्रांतीलाही यायचं असेल, तर एकगठ्ठा घ्यावा. २०० बाथ वाचतात.