‘च’चे डॉक्टर

वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला, अंबाडी रोडवर, फरसाणच्या दुकानावर आमच्या सरांचं क्लिनिक आहे. खाली ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी ठसठशीत पाटी असूनही आठवड्याला एखादा माणूस एक्स-रे काढायला वर येतो. सर त्यालाही बसवतात, पाणी देतात, “काय होतंय?” विचारतात. अर्ध्या तासात तो बिल्डरने लटकवलेला फ्लॅट, पोरीचं लग्न, सगळं ओकून मोकळा होतो आणि उठताना विचारतो, “मग एक्स-रेवाला कुठे बसतो?”

सरांचं शास्त्र एका अक्षरावर उभं आहे. अल्बर्ट एलिसने 1955 मध्ये अमेरिकेत एक मानसोपचारपद्धती काढली. माणसाला नुसती घटना छळत नाही, ‘असं झालंच पाहिजे’ हा हट्ट छळतो, असं त्याचं म्हणणं. “त्याला त्यासाठी अख्खा शब्द लागला,” सर म्हणतात, “आपल्याकडे एका ‘च’मध्ये काम होतं!” म्हणून टेबलावर श्रीखंडाचा रिकामा डबा. शिकायला आलेल्या आम्हा पोरांच्या तोंडून ‘च’ निसटला की रुपया टाकायचा. पहिल्या आठवड्यात एका मुलीने “सर, चहा सांगू?” विचारलं आणि घाबरून स्वतःहून रुपया टाकला. सरांनी तो परत दिला नाही.

घाबरलेल्या माणसाला एकदम खोल पाण्यात ढकलायचं नाही, पायरी पायरीने न्यायचं, हे बहुतेक पुस्तकांत असतं. सरांची शिडी मात्र पश्चिम रेल्वेच्या टाइमटेबलवर बेतलेली. पहिल्या दिवशी नुसता स्टेशनचा पूल चढून उतरायचा. मग दुपारच्या रिकाम्या गाडीने नालासोपारा. मग नायगाव. त्यापुढे भाईंदरची खाडी, कारण गाडी नेमकी पुलावर थांबली तर काय, या प्रश्नावर निम्मी वसई जागी असते. प्रत्येक पायरीवर भीतीला 100 पैकी मार्क द्यायचे. एका काकांनी सकाळच्या चर्चगेट फास्टला 100 दिले आणि दबकत विचारलं, “सर, नॉर्मल माणसाला किती असतात?”

“पंच्याण्णव.”

काका त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

खरी पंचाईत आमची व्हायची. छातीत धडधड, दरदरून घाम, श्वास कोंडणं, आता आपण मरणार असं वाटणं, ही पॅनिकची लक्षणं पाठ करून मी पहिली केस घेतली. सगळी जुळली! पाय जमिनीला लागत नाहीत, हे तर त्याने न विचारता सांगितलं. मी ऐटीत निदान लिहून सरांपुढे ठेवलं. सरांनी त्याला एकच विचारलं, “रविवारी घरी बसल्या बसल्या होतं का असं?”

“छे, रविवारी मी झोपतो.”

सरांनी माझं निदान खोडलं आणि वर लिहिलं, ‘विरार लोकल’.

लाज घालवण्यासाठी एलिस लोकांना चारचौघांत वेडेपणा करायला लावायचा: गाडीत मोठ्याने स्टेशनांची नावं पुकारा, केळ्याला दोरी बांधून फिरवा. स्वतः एकोणीस वर्षांचा असताना तो न्यूयॉर्कच्या एका बागेत महिनाभर अनोळखी बायकांशी बोलत सुटला होता. शंभरेक बोलल्या, एक भेटायला तयार झाली, तीही आली नाही. “आणि तो मेला नाही!” हे वाक्य सर प्रत्येक बॅचला त्याच जोरात ऐकवतात.

आम्हालाही गृहपाठ मिळाला. मी गर्दीत “नायगाव! नायगाव!” ओरडलो. कुणी मान वर केली नाही. मागून फक्त प्रश्न आला, “कुठल्या साइडला?” दुसरा गडी पापडीच्या बाजारात दोरीने केळं ओढत निघाला. लोक हसतील, बोटं दाखवतील, अशी त्याची तयारी होती. एका केळीवाल्या मावशींनी त्याला हाक मारून थांबवलं, केळं उचलून दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, “फसवलं तुला. कितीला दिलं?” त्याला लाज वाटली, पण चुकीच्या कारणासाठी.

आम्ही हिरमुसून परत आलो, तर सर खूश. “बघितलंत? जग तुमच्याकडे बघतच नाही!”

आम्ही डब्याकडे पाहिलं. सरांनी निमूटपणे खिशात हात घातला. वर्षअखेर डबा फोडला तेव्हा निम्म्याहून जास्त रुपये त्यांचे निघाले. त्या पैशांची वसईची सुकेळी आणून आम्ही क्लिनिकमध्ये वाटली. एक्स-रेवाल्यालाही दिली.

तुम्हाला सरांची वेळ हवी असेल तर संध्याकाळी सातनंतर फोन करा. पहिल्या खेपेला लागेल असं नाही. लागलाच पाहिजे असं तर मुळी नाही. आणि येताना सुटा रुपया ठेवा.