क्लिकमावशी

आमच्या सोसायटीतली पोरं तिला क्लिकमावशी म्हणतात. तिच्या कार्डावर 'फॅमिली लाइफस्टाइल फोटोग्राफर' असं छापलंय. वॉचमनच्या वहीत मात्र 'फोटो मॅडम, बी विंग' एवढंच आहे, आणि तिच्या सासूबाई नात्यातल्या बायकांना सांगतात, "ती मुलांचे फोटो काढते. घरूनच." यातल्या 'घरूनच'वर विशेष जोर असतो.

तिला आधी उजेड दिसतो, माणसं नंतर. आमच्याकडे पहिल्यांदा आली ती चमचाभर विरजण मागायला, आणि आतल्या खोलीच्या दारातच थबकली. "अहो, इथं सकाळी काय उजेड येत असेल! पूर्वेची खिडकी, समोर पांढरी भिंत!" येत होताच. त्याच्याच त्रासानं आम्ही तिथं जाड पडदे लावून झोपत होतो. पुढच्या रविवारी ते पडदे उतरले. त्या जागी तिच्या सासऱ्यांचं जुनं धोतर आलं, कारण तिच्या मते बारीक सुताच्या धोतरातून गाळलेल्या उजेडाला जगात तोड नाही. आमच्या पलंगावर एक अनोळखी कुटुंब पांढऱ्या दुलईत लोळू लागलं. आम्ही स्वयंपाकघरात आवाज न करता पोहे खाल्ले. फोटो सुरेख आले, हे कबूल करायलाच हवं. खाली ओळ होती, 'त्यांच्या लाडक्या घरातली एक आळसावलेली सकाळ.' विरजण न्यायचं मात्र राहूनच गेलं.

तिच्या धंद्यातली खरी गोची सूर्यानं करून ठेवली आहे. मावळतीच्या आधीचा तासभर उजेड मऊ, तिरपा आणि सोनेरी असतो. सूर्य खाली उतरला की किरणांना हवेतून लांबचा पल्ला मारावा लागतो, त्यात निळा रंग वाटेतच विखरून जातो आणि पिवळा-तांबडा तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. जगातले सगळे फोटोग्राफर या तासावर जीव टाकतात. पुण्यात जानेवारीत हा तास साधारण सव्वापाच ते सव्वासहाचा. याच तासाला तिचे चिरंजीव गुडघा फोडून खेळून येतात, त्यांना भूक लागते, उद्या शाळेत जाड पुठ्ठा न्यायचाय हे आठवतं आणि कुकर लावायची वेळ होते. गिऱ्हाइकाचं तान्हं बाळही याच वेळी किरकिरायला लागतं. दिवेलागणीची रड ही काही आजची नाही. हा सोनेरी तास ज्यानं ठरवला त्याच्या घरी मुलं असतीलही, पण ती सांभाळायला दुसरं कुणीतरी असणार.

त्यामुळे चिरंजीव बहुतेक वेळा बरोबरच असतात आणि बॅगेत दोन संसार नांदतात. पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स चिरंजीवांच्या जुन्या झबल्यात गुंडाळलेली असते. फ्लॅशच्या कप्प्यात राजगिऱ्याच्या वड्या, मेमरी कार्डांच्या डबीत एक पडलेला दुधाचा दात. एकदा एका बड्या गिऱ्हाइकासमोर तिनं मोठ्या ऐटीत लेन्स पुसायचं कापड काढलं. तो चिरंजीवांचा एक पायमोजा निघाला. तिनं न डगमगता त्यानंच लेन्स पुसली.

नवरा हिंजवडीत नोकरी करतो आणि शनिवार-रविवार रिफ्लेक्टर धरतो. रिफ्लेक्टर म्हणजे एक मोठी गोल चंदेरी चकती. पिशवीतून ती फाडदिशी आपोआप उघडते आणि परत मिटताना माणसाचं शिक्षण, पगार, हुद्दा काही बघत नाही. तिला इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पीळ द्यावा लागतो. तो दरवेळी नऊ होतो. वेताळ टेकडीवर मी हे दृश्य स्वतः पाहिलंय. गिऱ्हाइकं निघून गेली होती, अंधारत आलं होतं, नवरा त्या चकतीशी झोंबत होता आणि फिरायला आलेले तीन ज्येष्ठ नागरिक त्याला तीन वेगवेगळ्या पद्धती समजावत होते. त्यांच्यातल्याच एकांनी तासाभरापूर्वी क्लिकमावशीलाही थांबवलं होतं: "मॅडम, सूर्य पाठीमागं घेऊ नये. चेहरे काळे येतात." ती म्हणाली, "काका, मला केसांभोवती उजेडाची कड हवीय." काका म्हणाले, "हवी असेल हो, पण घेऊ नये."

आता तिच्या मुख्य मंत्राकडे येतो: 'नॅचरल.' कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, ओळीत उभं राहायचं नाही, दात दाखवायचे नाहीत. आपण जसे असतो तसं असायचं. हे 'जसे असतो तसं' साधायला तिला पंधरवडा लागतो. आधी सगळ्यांच्या कपड्यांचे रंग ठरतात: बदामी, मळकट पांढरा, फिका पिस्ता. कुटुंबाच्या मालकीचं यातलं काहीच नसतं, त्यामुळे खरेदी होते. मग घर आवरायचं. मग आवरलेलं दिसू नये म्हणून दोन खेळणी जमिनीवर टाकायची, पण लाकडी. प्लॅस्टिकचा तो शिट्ट्या मारणारा ट्रक, ज्याच्यावाचून पोराचं पान हलत नाही, तो खाटेखाली जातो. पोरगं त्याच्यामागं खाटेखाली जातं. दिवसभरातला नैसर्गिक असा प्रसंग तेवढाच, आणि तेव्हा क्लिकमावशी बॅटरी बदलत असते.

नवरा-बायकोंना हसवण्याची तिची एक ठरलेली युक्ती आहे. नवऱ्यानं बायकोच्या कानात, जमेल तितक्या प्रेमळ आवाजात, भाजीची यादी सांगायची. बायको खुदकन हसते, त्या क्षणी क्लिक. बऱ्याच घरांत ही मात्रा लागू पडते. एका घरी नवऱ्यानं डोळे मिटून, कानाशी ओठ नेऊन म्हटलं, "दोडका... पाव किलो..." बायको म्हणाली, "दोडका आहे घरात. कालच आणलाय. तुझं लक्ष कुठं असतं?" पुढची दहा मिनिटं जे झालं ते शंभर टक्के नॅचरल होतं. अल्बममध्ये नाही.

मला विचाराल तर जुने स्टुडिओवाले यापेक्षा सरळ होते. डोहाळजेवण झालेली बाई रंगवलेल्या चंद्राखाली, लाकडी नावेत, हाती धनुष्यबाण घेऊन बसायची. ही नाव कुठं जायची नाही आणि हा बाण कुणाला लागायचा नाही हे काढणाऱ्याला, बसणारीला आणि बघणाऱ्याला, तिघांनाही ठाऊक असायचं. हे मी क्लिकमावशीला बोलून दाखवलं. तिनं मान्य केलं आणि विचारलं, ती नाव कुठं भाड्यानं मिळेल का.

तान्ह्या बाळांचे फोटो हा तिचा हातखंडा. पहिल्या पंधरवड्यातच ते काढायचे, कारण तेव्हा बाळ गाढ झोपतं आणि पोटातल्यासारखं मुटकुळं करून राहतं. खोली उबदार लागते. परदेशी पुस्तकं यासाठी हीटर सांगतात. आपल्याकडे शेक-शेगडीनं आजीनं ती आधीच इतकी तापवलेली असते की लेन्सवर वाफ धरते. हनुवटीखाली हात घेऊन बसलेल्या बाळाचा तो प्रसिद्ध फोटो तर एक नसतोच, दोन असतात. एकात डोकं कुणीतरी धरलेलं, दुसऱ्यात हात. मग दोन्ही जोडून धरणाऱ्याला पुसून टाकायचं. पण तेल पुसता येत नाही. आजीनं टाळू भरलेली असते, त्यामुळे डोकं खिडकीचा अख्खा उजेड परत फेकतं. आणि गालावर तीट. एकदा तिनं रात्र जागून, सगळ्या फोटोंतली तीट कॉम्प्युटरवर अलगद पुसली. अल्बम पोचला. आजींनी चष्मा लावून पहिलं पान पाहिलं, काही न बोलता आत गेल्या, काजळाची डबी आणली आणि चाळीसच्या चाळीस फोटोंना बोटानं तीट लावली.

घरात पसारा फार होतो अशी नवऱ्याची तक्रार असते. त्यावर तिच्याकडे ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन हे उत्तर तयार असतं. या बाई कोलकात्यात जन्मल्या, इंग्लंडात नांदल्या आणि १८६३मध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी, लेक-जावयानं कॅमेरा भेट दिला तेव्हा कुठं त्यांनी फोटो काढायला सुरुवात केली. कोळशाची खोली रिकामी करून तिची डार्करूम केली, कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ केला. कोंबड्या सोडून दिल्या. त्या कुणी खाल्ल्या नसाव्यात अशी आशा त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. मोलकरणींना मेरीमाता करून बसवलं. काचेवर ओलं रसायन लावायचं आणि ते सुकायच्या आत सगळं उरकायचं, असा तो प्रकार. समोरच्यानं मिनिटंच्या मिनिटं स्तब्ध बसायचं. "आणि मला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो," क्लिकमावशी म्हणते, "तेवढा वेळही पोरं देत नाहीत. मी तर फक्त बाल्कनी घेतलीय." नवरा म्हणतो, "कोंबड्यांना निदान सोडलं होतं."

तिचा खरा कामाचा दिवस चिरंजीव झोपल्यावर सुरू होतो. हजारभर फोटोंतून पन्नास निवडायचे. गिऱ्हाइकं म्हणतात, "सगळेच द्या ना, निवडायचा त्रास कशाला घेता!" ती म्हणते, आमटी मागितली की डाळीतून निवडलेले खडेही वाढत नाहीत. रात्र-रात्र ती दुसऱ्यांची पोरं बघते, त्यामुळे मंडईत एखाद्या मुलाला थांबवून म्हणते, "अरे, तुझी डावी बाजू!" आई घाबरून पोराला जवळ ओढते. लग्नकार्यात तिचं ताट शेवटच्या पंगतीत, कारण आमंत्रणाच्या खाली पेनानं लिहिलेलं असतं, 'येताना कॅमेरा आणणे.' बाळांच्या पहिल्या संक्रांतीला सगळ्या बिल्डिंगची बोरन्हाणं तिच्याकडे. काळं झबलं आणि त्यावर हलव्याचे शुभ्र दागिने! कॅमेऱ्याचं मीटर काळ्याला राखाडी करायला बघतं, त्यात हलवा नुसता पांढरा गोळा होतो, आणि हे सगळं जमेपर्यंत बोरं डोक्यावरून ओतून झालेली असतात. मार्चपर्यंत तिच्या बॅगेतून चुरमुरे निघतात.

परवा शाळेनं चिरंजीवांचे दोन फोटो मागवले. पासपोर्ट साइझ, मागं पांढरं, दोन्ही कान दिसले पाहिजेत, नजर समोर. तिनं हार्ड डिस्क काढल्या. चिरंजीव पावसात, चिरंजीव गवतात, चिरंजीव पाठमोरे, चिरंजीवांची पापणी, उन्हात चिरंजीवांचा एकच कान. समोर बघणारा एकही नव्हता. शेवटी कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेलो. मलाही पेन्शनच्या कागदांसाठी हवाच होता. स्टुडिओवाल्या काकांनी दिवा लावला. क्लिकमावशी म्हणाली, "काका, उजेड जरा सपाट नाही वाटत?" काका म्हणाले, "सपाटच मागितलाय शाळेनं." मग त्यांनी चिरंजीवांच्या भांगावरून कंगवा फिरवला आणि त्यांना स्टुलावर बसवलं.

चिरंजीवांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा काकांकडे. "नॅचरल बसू," त्यांनी विचारलं, "का नीट बसू?"